अण्णांची शास्त्रशुद्ध झोप

आमच्या अण्णांना शास्त्रशुद्ध झोपेची गरज आहे, हे घरात सर्वांत आधी मला कळलं. अण्णांना ते अजून कळलेलं नाही.

अण्णा वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीन चालवतात. त्यांना रात्रपाळी लागली आणि थोड्याच दिवसांत ते मशीनपुढं उभ्या उभ्या पेंगले. सुपरवायझरनं पाहिलं. पुन्हा डोळा लागला तर मशीनवरून काढतो, म्हणाला. तेही चाललं असतं. पण प्रेसखाली हात गेला तर तो परत मिळत नाही. तेव्हापासून अण्णा घरी आले की आई आधी त्यांच्या हातांकडे बघायची, मग तोंडाकडे.

मी गप्प बसणारी नव्हे. कॉलनीला पाणी मिळावं म्हणून पत्रकं काढून मी दारोदार फिरलेली आहे (पाणी आलं नाही, पण पत्रक उत्तम होतं). मी झोपेवर वाचायला घेतलं. झोप ही एक सलग गोष्ट नसतेच. आधी हलकी, मग गाढ, मग स्वप्नांची, आणि दीडेक तासानं पुन्हा पहिल्यापासून. गाढ झोपेत शरीराची डागडुजी होते. त्यातून माणसाला हलवून उठवलं, तर तो बराच वेळ बधिर राहतो. आणि आमच्या घरात काय चाललं होतं? भाकरी गरम आहे म्हणून आई अण्णांना उठवत होती! कामगाराच्या गाढ झोपेवर भाकरीचा दरोडा!

मी जाहीर केलं, की यापुढं अण्णांना मीच उठवणार, तेही योग्य टप्प्यावर. टप्पा ओळखणं सोपं असतं. स्वप्नाच्या झोपेत मिटल्या पापण्यांखाली बुबुळं हलतात. ती हलायची थांबली आणि माणसानं कूस बदलली, की उठवायचं. मी खाटेशेजारी स्टूल टाकलं आणि पापण्यांवर वाकून बसले.

अण्णांनी डोळे उघडले. वितीवर माझा चेहरा.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाय गेलं. तुम्ही हलक्या झोपेत आहात. झोपा."

"आता कसा झोपू?"

"गाढ," मी म्हणाले.

पुढच्या दिवसांत अण्णांना स्वप्नं फार पडू लागली. बुबुळं सारखी फिरायची. मी खुश होते. मग आईनं सांगितलं, की ते मुद्दाम फिरवतात; स्वप्न चालू आहे असं समजून मी बाहेर जावं म्हणून. (वाचलेल्यात हा टप्पा नव्हता.)

अण्णांचे डोळे खोल गेले. अर्थात दोष समाजाचा होता. मी फाटकावर पत्रक चिकटवलं : 'रात्रपाळीचा कामगार झोपला आहे. शांतता हा त्याचा हक्क आहे!' येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून ते मोठ्यानं वाचू लागला. भाजीवाल्यानं बेल दाबून विचारलं, की कितीपर्यंत गप राहायचं.

अशात एका दुपारी नळाला पाणी आलं. आधीचं येऊन आठवड्याच्या वर झालं होतं. कॉलनीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, आणि मी घरोघर जाऊन त्या बंद करायला सांगू लागले. फक्त अण्णांचा गाढ टप्पा होईपर्यंत. शेजारच्या जाधवकाकू हातातला पाईप न सोडता म्हणाल्या, "पोरी, तुझ्या बापाला झोप उद्या बी येईल. पाणी येतंय का उद्या?"

मी म्हणाले, झोप टाकीत साठवता येत नाही. त्या म्हणाल्या, मग जे साठतं ते साठवू दे. मी सोडते थोडीच! ओट्यावर चढून मी गाढ झोपेचं महत्त्व सांगितलं. माईक नव्हता, गरजही पडली नाही. बादल्यांसकट गर्दी जमली. तेवढ्यात अण्णा बनियनवर बाहेर आले, मला बाजूला सारलं, "चालू ठेवा वहिनी," म्हणाले आणि आमची टाकी भरायला लागले. मग काकूंची.

अण्णा तसेच कामावर गेले. आई मला एवढंच म्हणाली, "आज त्यांचा हात गेला, तर तुझं पत्रक गुंडाळू का त्याला?"

मी जाऊन फाटकावरचं पत्रक काढलं.

सकाळी पाळी सुटली, अण्णा आले नाहीत. फोन बंद. जेवणवेळ झाली तरी पत्ता नाही. आई पायरीवर बसून राहिली, मी फाटकापाशी. शेवटी मामाचा फोन आला. मामाचं गुलमंडीत भांड्यांचं दुकान आहे. "दाजी इथं हैत. हातपाय सगळं हाय. झोपलेत."

आम्ही रिक्षानं पोचलो. खाली एक बाई प्रत्येक हंडा वाजवून बघत होती, शेजारच्या दुकानाचा भोंगा सेलच्या नावानं ओरडत होता, बाहेर हॉर्न. आणि वर माळ्यावर, ताटांच्या खोक्यांमध्ये, अण्णा तोंड उघडं टाकून घोरत होते. सवयीनं मी पापण्या बघायला वाकले. मामानं ओढणी धरून मागं खेचलं.

"लई दिवसापासनं येऊ का म्हणत होते," तो हळूच म्हणाला. "म्हणले, तिथं कुणी बघत नाय ना?"

आता अण्णा रोज माळ्यावर झोपतात. भाकरी आई तिथंच पाठवते. सुपरवायझरनं त्यांच्याकडं बघणं सोडलं, आईनं हातांकडं. परवा अण्णा मला म्हणाले, "काम चांगलंय तुझं. फक्त घरापासनं सुरू नको करू."

मी टीका स्वीकारते. पत्रकं मी आता रस्त्यापलीकडच्या कॉलनीत वाटते. तिथले लोक गेल्या आठवड्यापर्यंत गाढ झोपत होते.