हात ठेवते, पण गाडीत बसल्यावर

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

मी जव्हारला रेकी, म्हणजे हात ठेवून करायचा उपचार, शिकवते. आज पोशेऱ्याहून माझी विद्यार्थिनी सुनंदाचा फोन आला, "ताई, जाऊबाईचं डोकं लय दुखतंय, लवकर या."

गेले. जाऊबाईला आठवा महिना चालू. चेहरा, पाय सुजलेले आणि डोळ्यांपुढे अंधारी.

सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण आहे. हात ठेवा, दवाखाना नको."

"हात ठेवते मावशी, पण गाडीत बसल्यावर."

त्या चिडल्या. सुनंदाने मात्र लगेच जीप बोलावली. जव्हारला पोहोचेपर्यंत मी जाऊबाईच्या कपाळावर हात ठेवून होते.

बीपी खूप वाढलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "वेळेत आणलंत." संध्याकाळी सिझेरियन झालं. मुलगी अगदी लहानशी आहे, पण मायलेकी दोघी ठीक आहेत.

रेकी जपानमध्ये जन्मली. तिची शिकवण सांगते, फक्त आजचा दिवस रागावू नकोस, काळजी करू नकोस. आज मला दोन्ही जमलं नाही.

आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, "सून रेकीनेच वाचली." उद्या दुसरं कुणी दवाखान्याऐवजी मलाच बोलावेल.

त्यांचा विश्वास न दुखावता हे कसं सांगू? तुम्ही काय सांगाल?