साडभाऊंचं गुवाहाटीचं विमान

आमच्या थोरल्या साडभाऊंनी जितकी विमानं पाडली, तितकी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसऱ्या कुणी पाडली नसतील. बरीचशी नागपूरच्या धावपट्टीवर, काही वणा नदीत आणि एक तर थेट हिंगणघाटला स्वतःच्याच घरावर, म्हणजे त्यांच्या अंदाजाने जिथे घर असायला हवं तिथे. जिनिंग फॅक्टरीत जन्मभर फिटर राहिलेल्या या माणसाचा यंत्रावर विश्वास बसतो तो ते उघडून पाहिल्यावरच. मिक्सर उघडून परत जोडला आणि तीन स्क्रू उरले, तेव्हा शांतपणे म्हणाले, "कंपनीनं फालतूच टाकले होते."

विमानाच्या वाटेला मात्र ते गेले ताईंमुळे. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची मोठी बहीण. त्यांची लेक गुवाहाटीला, पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. रेल्वेचे दोन दिवसांचे हादरे ताईंच्या कंबरेला झेपणारे नव्हते, आणि विमानाचं नाव काढलं की ताई म्हणत, "ज्याले खाली टेकाले काई नाई, त्यात मी बसत नसते." लेक फोनवर रडली. फोन ठेवल्यावर साडभाऊंनी जाहीर केलं, "मी तुले घरीच विमानात बसवतो. भीती गेली पाह्यजे."

घरातल्या म्हाताऱ्या कंप्यूटरवर नवं काही चालेना, म्हणून त्यांनी त्यावर लिनक्स नावाची हलकी सिस्टिम टाकली आणि विमान चालवायचा फुकटचा प्रोग्राम उतरवायला घेतला. लिनक्समध्ये पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, हे कळेपर्यंत त्यांनी कीबोर्ड उघडून सगळी बटणं धुऊन परातीत वाळत घातली होती. परत बसवताना एम आणि एनची अदलाबदल झाली, त्यामुळे पुढचे दोन दिवस खरा पासवर्डही लागेना. मग प्रोग्राम एक फाईल मागे, ती फाईल दुसरी मागे. "लग्नाचं वऱ्हाड हाये हे," साडभाऊ मला फोनवर सांगत. "नवरदेवाले बोलावलं त मामा पाह्यजे, मामाले बोलावलं त मामाचा जावई!" शेवटी विमान आलं, तर जॉयस्टिकला, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याला, हात लावायची परवानगी नाही असा मजकूर झळकला. साडभाऊ कडाडले, "घर माहं, कंप्यूटर माहा, अन् परवानगी कोणाले मागू?"

"मले मागा," स्वयंपाकघरातून ताई म्हणाल्या.

पहिल्या उड्डाणाला मी हजर होतो. ताईंना मागच्या खुर्चीत बसवून दुपट्ट्याने बांधलं होतं. "बापू, तूही बेल्ट लावजो," मला हुकूम झाला. कंप्यूटर इतका हळू, की विमान लग्नाच्या अल्बमसारखं एकेक फोटो दाखवत उडालं. जॉयस्टिक उलटी लागली होती. साडभाऊंनी विमानाचं नाक वर घ्यायला ती ओढली आणि आम्ही सरळ जमिनीत गेलो. ताईंनी किंकाळी फोडली. दुसऱ्या दिवशी नुसतेच डोळे मिटले. आठवड्याभरात त्या मागे बसून मेथी निवडायला लागल्या. "पडलं का? मग मी कुकर लावते," म्हणून उठत. विसाव्या अपघातानंतर मला म्हणाल्या, "इतक्यांदा पडलो, काई त झालं नाई. तिकीट काढाले सांगा बरं."

खऱ्या विमानाची हकिगत ताईंनीच मला गुवाहाटीहून फोनवर सांगितली. त्या खिडकीशी बसून ढग बघत होत्या, आणि साडभाऊंनी डोळे गच्च मिटून त्यांचा हात धरून ठेवला होता. "मी म्हटलं, अवो, काऊन थरथरून राह्यले? त म्हणते कसे, 'इथं माह्या हातात काहीच नाई ना!'"

नात झाली. ताई सहा महिन्यांसाठी तिकडेच राहिल्या, आणि साडभाऊ एकटे, रेल्वेने, परत आले. परवा दुपारी सहज त्यांच्याकडे गेलो, तर स्वारी विमानात. आता हात चांगलाच बसलाय. तीन तास त्यांनी विमान नेलं आणि गुवाहाटीला इतकं अलगद टेकवलं, की मी टाळ्या वाजवायला हात उचलले. त्यांनी मान हलवून मला थांबवलं. स्पीकरमधली घरघर बंद केली आणि पडद्यावरच्या त्या रिकाम्या धावपट्टीकडे बघत बसले.

"ह्या टायमाले नात झोपली असन," ते हळूच म्हणाले.