सर्दीची गोळी

आमच्या थोरल्या वहिनीला समोरच्याचा चेहरा लक्षात राहत नाही, माप राहतं. गिऱ्हाईक दारातून आत येतं न येतं तोच ती त्याला खालून वर न्याहाळते आणि मागच्या खोलीतून नेमका त्याच्या मापाचा रबरी सूट आणून हातात ठेवते. पोट सुटलेल्या एका साहेबाने ऐटीत "मीडियम द्या" म्हणून सांगितलं, तर ही म्हणाली, "चढेल हो, पण उतरवायला कात्री लागेल." पाठीला सिलिंडर बांधून माणसांना समुद्राच्या तळाशी फिरवून आणायचं, हा आमच्या घरचा धंदा. थोरला भाऊ होडी चालवतो, धाकटा सिलिंडरात हवा भरतो, मी गल्ल्यावर बसते आणि सगळ्यांच्या चुका काढते. थोरली सूट धुते. इतकी वर्षं बेटावर काढली, पण तिने पाण्यात कधी डोकं बुडवलं नाही.

पावसाळ्यात बाकीची दुकानं कुलूप लावतात. आम्ही लावत नाही, कारण बेटाच्या मागच्या बाजूला डोंगर आडवा येतो, वारा अडतो आणि तिथलं पाणी भर पावसातही बऱ्यापैकी शांत असतं. गढूळ असतं, पण हौशी माणसाला तेही चालतं. हाल होतात ते थोरलीचे. सूट वाळत म्हणून नाहीत. जिन्यात, मोरीच्या दाराशी, जिथे खिळा सापडेल तिथे काळे सूट लोंबत असतात आणि घरभर ओल्या रबराचा वास. थोरली एकेक सूट उलटा करून पंख्याखाली धरते आणि तोंडाने धाकटीचा उद्धार करत राहते.

धाकटी म्हणजे तिची जाऊ, माझी धाकटी वहिनी. लग्न होऊन आली तेव्हा होडीत बसायलासुद्धा घाबरायची, नवऱ्याचा दंड सोडायची नाही. आता तीच लोकांना हाताला धरून खाली नेते. माणसं फोन करून विचारतात, "त्या मॅडम आहेत ना?" हे थोरलीने एक वेळ पोटात घातलं असतं. पण तिची एकुलती एक पोर धाकटीच्या मागे लागली आणि तिथे मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पोरीला घरात सगळे बेडकी म्हणतात, कारण पाणी दिसलं की ही आत. पंधरा वर्षांची घोडी, पण उठता बसता काकू. काकू म्हणते केस आखूड बरे, की हिचे केस गेले. काकू म्हणते श्वास सावकाश सोडावा, की ही घरातसुद्धा सुस्कारे टाकत फिरणार. "आणि आई काय म्हणते, तेही सांग कधी तरी," थोरली म्हणायची. "काय म्हणतेस तू?" बेडकी खरंच विचारायची आणि थोरलीला ऐन वेळी काही सुचायचं नाही.

जेवताना तर कहर. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून पाणबुडे हाताने खुणा करतात. या काकू-पुतणी ताटावर बसूनही खुणाच करायच्या. एकीने बोटं नाचवली की दुसरी फिस्सकन हसायची. थोरलीला वाटायचं, आपल्यालाच हसतायत. एकदा खरंच हसत होत्या, भाजीत मीठ जास्त पडलं होतं. "तोंडं दिलीयत ना तुम्हाला? हे घर आहे, समुद्राचा तळ नाही," असं म्हणून ती डाव आदळायची. मला विचाराल तर धाकटीचं त्यात काही चुकत नव्हतं. तिला मूल नाही, पोर जीव लावते, तीही लावते. हे मी थोरलीला एकदा बोलून दाखवलं, तर तिने माझ्याशी अबोला धरला.

त्या पावसाळ्यात गिऱ्हाईक अगदीच तुरळक होतं, धाकटीला वेळ होता. तिने ठरवलं, बेडकीला यंदा तळाशी असलेल्या मोठ्या खडकापर्यंत न्यायचं. इतक्या खोल पोर पहिल्यांदाच जाणार होती. आनंदाने तिचे पाय जमिनीवर ठरेनात. आणि नेमकी आदल्या दिवशी तिला सर्दी झाली.

आमच्याकडे एक नियम आहे आणि धाकटी तो कुणासाठी मोडत नाही. नाक चोंदलेलं असेल तर पाण्यात उतरायचं नाही. खोल पाण्याचा दाब कानावर येतो, नाक मोकळं नसेल तर कान फाटायची वेळ येते. होडीत चढण्याआधी ती प्रत्येकाला विचारते आणि शंका आली तर खुशाल काठावर बसवून जाते. म्हणून बेडकी काकूकडे गेलीच नाही. ती आईकडे गेली.

पुढचं मला बेडकीनेच मागाहून सांगितलं, तुम्ही मात्र तुमच्यातच ठेवा. थोरली मागच्या खोलीत सूट उलटे करत होती. पोर जवळ येऊन बसली. "आई, नाक मोकळं करायची गोळी आहे ना तुझ्याकडे? पण काकूला सांगू नकोस हं. शप्पथ." थोरलीने हातातला सूट खाली ठेवला. किती दिवसांनी पोर तिच्याकडे काही मागत होती आणि तेही काकूला चोरून! तिने गोळी काढून दिली, नाकाला मलम चोळलं, डोक्यावरून हात फिरवला. पहाटे पोरीला उठवून दुसरी गोळी दिली. सकाळी मी बघते तर बाई सूट धुताना चक्क गुणगुणत होत्या. "काय वहिनी, स्वारी खुशीत?" मी विचारलं. तिने हसत पुढचा सूट बादलीत बुडवला.

त्या गोळीत एक मेख असते. ती नाक उघडते, माणूस मजेत खाली जातो आणि खाली असतानाच तिचा अंमल उतरतो. मग वर येताना कानातली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट उरत नाही. त्या दिवशी सरीवर सरी येत राहिल्या, होडी सुटायलाच दुपार झाली. थोरलीला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

होडी परत आली तेव्हा मी आणि थोरली धक्क्यावर भिजत उभ्या होतो. बेडकी धाकटीच्या कुशीत होती, नाकाखाली रक्त, मास्कमध्ये रक्त. वर येताना अर्ध्या वाटेवर पोरीचा कान अडकला होता. कळ अशी की ती वर यायला तयार होईना. धाकटी तिला धरून जराशी खाली गेली, जराशी वर आली, पुन्हा खाली गेली. पोरीची हवा संपत आली तेव्हा धाकटीने आपल्या सिलिंडरची दुसरी नळी तिच्या तोंडात दिली. वर पोचल्या तेव्हा त्या सिलिंडरातही फारसं काही उरलं नव्हतं.

दुकानात आणून पोरीला टॉवेलात गुंडाळलं. धाकटी तिच्यासमोर उकिडवी बसली. "गोळी घेतली होतीस?"

बेडकीने मान डोलावली.

"कुणी दिली?"

"मीच घेतली. कपाटातून. आईला माहीत नाही."

धाकटी उठली. आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "होडीत चढताना मी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस, नाक मोकळं आहे. जी माझ्याशी खोटं बोलते, तिला घेऊन मी पाण्यात जाणार नाही. कधीच नाही." बेडकी अशी रडायला लागली की कानाची कळ परवडली.

आता बघा, थोरलीने फक्त गप्प बसायचं होतं. जे ती इतके दिवस मागत होती ते आयतं समोर आलं होतं. पोर पाण्यातून बाहेर, काकूपासून तुटलेली, वर आईला पाठीशी घालणारी. मी थोरलीकडेच बघत होते. तिच्या तोंडावर क्षणभर आनंद आला, खोटं कशाला सांगू. मग तिने पोरीकडे बघितलं.

"गोळी मी दिली," थोरली म्हणाली. "अंगदुखीची आहे असं सांगून दिली. नाक तिच्यामुळे मोकळं झालं हे पोरीला कुठे ठाऊक? ती तुझ्याशी खोटं बोलली नाही. आता मला वाचवायला बघतेय, एवढंच." बेडकीने काही बोलायला तोंड उघडलं, पण थोरलीने तिचा खांदा असा दाबला की ते मिटलं.

धाकटी तिच्याकडे वळली. "खडकावर जाणार हे ठाऊक असून? पोर गेली असती, जाऊबाई! इतकी खुपते मी तुमच्या डोळ्यांत?"

"खुपतेस," थोरली म्हणाली. "रोज खुपतेस."

धाकटीने पोरीला छातीशी धरलं. "चुकले गं मी, उगाच तुझ्यावर डाफरले. कान बरा होऊ दे, आपण पुन्हा जाऊ." आणि तिला स्कूटरवर मागे बसवून डॉक्टरकडे घेऊन गेली. जाताना बेडकी मान वळवून आईकडे बघत होती.

कान बरा होतोय. धाकटी थोरलीशी बोलत नाही, थोरला भाऊही कामापुरतंच बोलतो आणि मीही तिला नको नको ते सुनावलं. तेव्हा बेडकी मला जिन्यात गाठून म्हणाली, "आत्या, आईला बोलू नकोस," आणि सगळं खरं सांगून मोकळी झाली.

"मग जा, हेच काकूला सांग," मी म्हटलं. "तुझ्या आईशी घरात कुणी धड बोलत नाही."

"मी रोज म्हणते, सांगते म्हणून. आईच नको म्हणते."

"का पण?"

"म्हणते, तुझं बाकी सगळं काकूकडे आहे. एवढं एक गुपित माझ्याकडे राहू दे."