पुडी न दिलेली मुलं

काष्टीजवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून माझी बदली झाली ती दुष्काळाच्या वर्षी. जीव मात्र अडकला होता पुण्याच्या मेडिकल कॉलेजातल्या नोकरीत, आणि तिथे जायला नावावर एक छापील शोधनिबंध लागत होता. एका वैद्यकीय त्रैमासिकाचा मी वर्गणीदार होतो. त्याचे अंक मी पोथ्यांसारखे कपाटात कुलपात ठेवायचो. आमच्या केंद्रातल्या, मूळच्या श्रीरामपूरच्या नर्सबाईंना त्यांचा जाड कागद औषधाच्या पुड्या बांधायला फार पसंत होता. एकदा त्यांनी जुना अंक मागितला, तर मी त्यांना नाही नाही ते बोललो.

दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांची पोरं हगवणीने सुकून यायची. सलाईन आमच्याकडे कधीमधीच असायची. नर्सबाई मीठ-साखरेची पुडी द्यायच्या आणि उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून घोट घोट पाजायला सांगायच्या. पोरं वाचायची. हे मी पाहिलं, इंग्रजीत लिहिलं आणि स्वतःच्या नावाने पाठवलं. नर्सबाई शेवटच्या आभारात होत्या, त्याही ‘कर्मचारीवर्ग’ म्हणून.

काही महिन्यांनी उत्तर आलं. लेख कुणा अनोळखी तज्ज्ञाने तपासला होता. त्याचं म्हणणं एवढंच, की पुडी न दिलेली मुलं कुठे आहेत? तुलनेशिवाय हा गुण पुडीचाच कशावरून? प्रश्न बिनतोड होता. त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं, फक्त जास्त तोऱ्यात.

मी नर्सबाईंना फर्मावलं, उद्यापासून एकाआड एका पोराला पुडी. त्यांनी सकाळी रजिस्टर माझ्या हातात दिलं.

"साहेब, कुनाला द्यायची न्हाई ती पोरं तुमीच निवडा. माज्यानं न्हाई व्हायचं."

ओट्यावर आया बसल्या होत्या. पहिल्या पोराला पुडी दिली. दुसऱ्याचे डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते. त्याच्या नावापुढे काय लिहावं ते सुचेना. मला लाज वाटली, ती अजून वाटते. मी दुसरी पुडी उचलली. मग तिसरी. दुपारी पुड्यांचा कागद संपला.

मी कपाटाचं कुलूप काढलं आणि सगळे अंक नर्सबाईंपुढे ठेवले. त्यांनी हात पुसून पहिलं पान फाडलं.

पुण्याला मी गेलो नाही. माझा लेख त्या त्रैमासिकात कधीच आला नाही, पण त्याच्याच कागदात बांधून गावोगाव गेला.