माझ्या कढईतलं शिसं

मंडळी, आज आमच्या घरात स्फोट झाला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

वाडीत रानडुकरं घुसतात. आमच्या ह्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे आणि निवृत्तीनंतर भरपूर वेळ. व्हिडिओ पाहून ह्यांनी ठरवलं, जड गोळ्या घरीच ओतायच्या आणि रिकाम्या काडतुसांत भरायच्या. हे बेकायदा आहे, जिवावर बेतेल, सगळं सांगून झालं. कॉन्व्हेंटात शिकलेले सभ्य शब्द संपले. तरी सकाळी माझ्याच कढईत शिसं वितळत होतं!

तेवढ्यात आमची नेहमीची कोळीण हिराबाई मासळी घेऊन आली. शिसं तिच्याच जाळ्याचं. ह्यांनी गळाला लावायला म्हणून मागून आणलेलं.

"दादा, माज्या दिराचा डोला असाच गेला. घरी भरलेली गोली बंदुकीतच फुटली. माजं शिसं परत द्या."

"अगं, मी नीट शिकून करतोय."

"त्यो पन शिकूनच करत व्हता."

शिसं थंड होईपर्यंत ती उंबऱ्यावरून हलली नाही, आणि ते घेऊनच गेली. दुपारी हे स्वतःहून रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करून आले.

माझं नाही, तिचं ऐकलं, याचा संताप आहेच. पण आत्ता हे समोर बसून दोन्ही डोळ्यांनी तिच्या मासळीतले काटे शोधतायत. हिराबाई, तुझे उपकार कसे फेडू?

तुमच्याकडे बायको सोडून कुणाचं ऐकतात?