डेबरी लेक घेऊन कळंबला

दोन लहान पोरं घेऊन एसटीनं देवाला निघालो म्हटल्यावर माझी बायको सुनंदा म्हणाली, "तुमचं डोकं ठिकाणावर हाये ना?" पण हुकूम बाईचा होता. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, बाईनंच मला वाढवलं. मी अठ्ठेचाळीसचा झालो, तरी तिचा शब्द कधी मोडला नव्हता.

कारण होतं माझी पाच वर्षांची आरू. ती डेबरी आहे. डाव्या हातानं खाते, डाव्यानंच रेघोट्या ओढते आणि अडीच वर्षांच्या गोलूला चापटही डाव्यानंच देते.

"आता शाळेत जाईन ते," बाई म्हणाली. "त्याच्या आत कळंबले नेऊ. चिंतामणीपुढं कबूल करून घेऊ, डावा हात सोडला म्हणून. तुले नाई का सोडवला मी?"

सोडवला होता. जेवताना ती माझा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं पाठीमागं बांधायची. आज माझं उजव्या हाताचं अक्षर चांगलं आहे, पण कुणी घाईत 'उजवीकडं वळ' म्हटलं की मी अजूनही क्षणभर थांबतो. मी बाईला "जाऊ" एवढंच म्हणालो.

नेरहून सकाळची गाडी धरली. बायकांना अर्धं तिकीट, आरूलाही अर्धं. गोलूचं तिकीट नव्हतं, पण सगळ्यात जास्त जागा त्यालाच लागली. पहिल्या वीस मिनिटांत त्यानं एक चप्पल खिडकीबाहेर टाकली आणि दुसरी टाकायला माझ्याकडं मागितली. यवतमाळ यायच्या आधी आरूला उलटी झाली. पिशवी धरायला मला थोडा उशीर झाला.

"नातीले खिडकीजवळ बसवा, आजोबा," कंडक्टर म्हणाला.

"लेक हाये माही," मी म्हणालो. सुनंदा पदरात तोंड लपवून हसत होती.

यवतमाळला गाडी बदलायची. तिथं पोरांचं खाणं, मुतणं सगळं उरकून घ्या. आम्ही आलुबोंडे खाल्ले आणि स्टँडबाहेर गोलूसाठी चपला घेतल्या. त्या त्यानं कळंब येईपर्यंत हातात घालून ठेवल्या. नागपूर रोडनं तासाभरात कळंब येतं. रस्ता चांगला आहे.

मंदिराजवळ फुलं-प्रसादाच्या दुकानात गणपतीच्या तसबिरी टांगल्या होत्या. आरू एका तसबिरीकडं पाठ करून उभी राहिली, गणपतीसारखे हात केले, मान वळवून पाहिलं, पुन्हा हात तसेच केले.

"पप्पा, बाप्पाचा लाडू डेबऱ्या हातात हाये."

खरंच होता. पन्नास वर्षं होत आली मी त्या रूपाला हात जोडतो आहे, हे मला दिसलं नव्हतं.

"देवाले चालते," बाई म्हणाली. "देवाले शाळेत नाई जा लागत."

दुकानदार खो खो हसला. मीही हसलो.

कळंबचा देव जमिनीच्या पोटात आहे. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. गर्दी नसेल तेव्हा जा, आणि लहान पोर कडेवरच ठेवा. खाली गार, ओलसर वाटतं. तिथं आलो की मी मागणं दरवेळी विसरतो. नुसतं उभं राहावंसं वाटतं.

बाईनं आरूला पुढं घेतलं, तिचा डावा हात आपल्या मुठीत धरला. "म्हण, आजपासून हा हात मी सोडला."

आरूनं माझ्याकडं पाहिलं. कडेवर गोलू माझा कान ओढत होता, मागून कुणीतरी "चला हो समोर" म्हणत होतं.

"नाई म्हणायचं," मी म्हणालो. "बाई, सोड तिचा हात. आरू, ज्या हातानं घेतेस त्या हातानं प्रसाद घे."

बाईची मूठ सैल झाली. आरूनं डावा हात पुढं केला, पुजाऱ्यांनी त्यावर साखरफुटाणे ठेवले. माझी पाळी आली तेव्हा सवयीनं माझा उजवाच पुढं गेला.

वर आल्यावर बाई म्हणाली, "देवापुढं तू मले खाली पाहाले लावलं, बापू."

"बाई, तिनं कबूल केलं असतं अन् इथं येऊन डाव्यानंच फुटाणे खाल्ले असते. देवाजवळ लेकराले खोटं बोलाले कायले लावू?"

ती परतताना पुढच्या सीटवर बसली. गोलू तिच्या मांडीवर झोपला, तिनं पदरानं त्याचा घाम पुसला, पण मागं वळून पाहिलं नाही. नेरच्या स्टँडवरून चहा न घेता आपल्या घरी गेली.

आज पंधरा दिवस झाले, अबोला आहे. तिच्या हातचं खाऊन मी वाढलो आणि तिनंच माझा हात बांधला. एकामुळं दुसरं खोडता येत नाही. अबोला जड जातो, रोज पूजेला बसलो की तीच आठवते. तरी माझ्या तोंडून माफी निघणार नाही.

काल शाळेत जाऊन आरूचं नाव घातलं. तिथल्या मॅडमना सांगितलं, हिचा हात बदलवायचा नाही. त्यांनी विचारलं, "घरच्या कुणी मोठ्यांनी येऊन वेगळं सांगितलं तर?"

"माझी बहीणच येईल," मी म्हणालो. "तिला खुर्ची द्या, पाणी द्या, अन् मला बोलवा. मी तिच्यासमोर पुन्हा हेच सांगीन."