मळवलीच्या वाटेवरचं गेट

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील कारखान्यातल्या युनियनचे. छापून आलेल्या गठ्ठ्यांना घड्या घालणं हाच घरातला खेळ. त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो, राग मागून येतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भाजे गावात तसंच झालं. आमच्या वस्तीवरून मळवली स्टेशनला जाणारी पायवाट एका शेताच्या कडेनं जायची. शेत विकलं गेलं, बंगला उभा राहिला आणि एका सकाळी वाटेवर लोखंडी गेट दिसलं, कुलूप घातलेलं. मोठ्या रस्त्यानं वळसा घातला की लोकल चुकते. शेजारची मावशी लोणावळ्याच्या एका हॉटेलात भांडी घासते. तिला दोनदा उशीर झाला, तेव्हा मॅनेजरनं बजावलं, आता पुन्हा झाला तर दुसरी बाई ठेवीन.

मी पत्रक लिहून सरपंचांकडे गेले. सरपंच म्हणजे आमच्याच भावकीतल्या वहिनी. निवडून आल्यापासून त्यांनी वस्तीत दिवे आणले होते, उघडं गटार झाकून घेतलं होतं, शनिवार-रविवारचे पाहुणे टाकून जातात त्या बाटल्या उचलायला घंटागाडी सुरू केली होती. गेटाचाही पाठपुरावा चालूच होता. मोजणी झाली, वाट गावच्या नकाशात निघाली, मालकाला नोटीस गेली. त्यानं साधं उत्तरही दिलं नव्हतं.

वहिनी मेथी निवडत होत्या. माझं पत्रक वाचता वाचता त्या एका ओळीवर थांबल्या. मी लिहिलं होतं, 'वाट तातडीने खुली करावी अशी आमची मागणी आहे.'

"मागणी कशापायी?" त्या म्हणाल्या. "मागितली की ती त्याची झाली. मग त्यानं दिली तर घ्यायची, न्हाई दिली तर गप बसायचं."

मी त्या ओळीवर काट मारली. पण त्यांनीही खाली 'सरपंचांच्या प्रयत्नातून' असं घालायला सांगितलं होतं, ते मी पकडलं. वाट आपलीच आहे तर मग हे कशाला, असं विचारलं. "लय तोंडाळ हायेस," म्हणत त्या हसल्या. दोन्ही ओळी गेल्या. उरलं ते एवढंच: 'शनिवारी सकाळच्या लोकलला आपण आपल्या वाटेनं जाणार आहोत. सगळ्यांनी या.' इतकं लहान पत्रक मी कधी लिहिलं नव्हतं, आणि इतकं जहालही.

शनिवारी नुसती गर्दी. ज्यांना गाडीशी काही देणंघेणं नाही तेही आले. काठी टेकत आलेल्या आबांना कुणीतरी विचारलं, तुमी कुटं निघालात? "कुटं न्हाई," आबा म्हणाले. "पन हितनंच जायचंय."

वॉचमननं मालकाला उठवलं. तो फोन हातात घेऊनच बाहेर आला, खासगी जागा आहे म्हणाला. वहिनींनी आवाज न चढवता नकाशाचं आणि नोटिशीचं सांगितलं. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली आणि वॉचमनला सांगितलं, आजच्या दिवस जाऊ दे यांना. कुलूप निघालं. गेट किलकिलं झालं. तेवढ्यात कामशेतच्या बाजूनं लोकलचा भोंगा आला.

मावशी सगळ्यात पुढे होती, डब्याची पिशवी छातीशी धरून. माझं मन ओरडत होतं, पळ.

"आजच्यापुरतं नगं, दादा," ती म्हणाली. "मला उद्याबी जायचंय, परवाबी जायचंय."

कुणी पाऊल उचललं नाही. गाडी आली, थांबली, गेली. चाकांचा आवाज विरेपर्यंत आम्ही तसेच उभे.

"गाडी तर गेली," मालक म्हणाला.

"व्हय, गेली," वहिनी म्हणाल्या. "गेट राहिलंय."

त्यानं फोन खिशात घातला. मग हात हलवून म्हणाला, काढा. वॉचमन पाना आणायला धावला, हसू लपवत. चौघांनी गेट बिजागऱ्यांवरून उचललं आणि ओरखडाही न पडू देता त्याच्याच कुंपणाला टेकवून ठेवलं. त्या मोकळ्या जागेतून आम्ही असे घुसलो, जणू पलीकडे जत्रा भरली होती. आबाही आले.

मागून हॉर्न वाजला. वहिनी स्कूटीवर. "बसा मावशी." मावशीनं पिशवी मध्ये धरली, पदर खोचला, आणि दोघी बंगल्यासमोरून भर्रकन लोणावळ्याकडे गेल्या.

दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. वाट मिळाली, पण मावशीचं काम गेलं तर? संध्याकाळी मी वाटेवर जाऊन उभी राहिले. ती स्टेशनकडून येताना दिसली आणि मी धावतच विचारलं, मॅनेजर काय म्हणाला.

"पयले डोळं वटारलं," ती म्हणाली. "मग सरपंचबाईंनी सांगितलं, गावच्या कामाला थांबवलं व्हतं हिला, मी सरपंच, मला बोला."

"मग?"

"मग काय. ढीगभर भांडी पडली व्हती. लागले घासायला."